तुझे साहेब आलमबागला गेले

प्रिय आई,

प्रिय म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतेय. लगेच खूश होऊ नकोस.

आज दुपारी तुझे साहेब घरातून गेले. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते, नाहीतर तिथे बसल्याबसल्या म्हणशील, थोरलीने लपवलं. लपवत नाही. झाकण लावलेल्या बादलीत घालून, बादली मांडीवर धरून, मी आणि बाबा ऑटोने त्यांना आलमबागच्या त्याच दुकानात सोडून आलो, जिथून तू त्यांना आणलं होतंस. ऑटोवाल्याने विचारलं, ‘‘मॅडम, क्या है इसमें?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब हैं.’’ त्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं की बाबांना सांगावं लागलं, ‘‘मछली है भैया, मछली.’’

मछली! वीतभर लांब, गुलाबी-लाल, कुशीवर काळ्या डागांची रांग आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. फ्लॉवरहॉर्न म्हणतात म्हणे. तू ‘साहेब’ म्हणायचीस. पहिल्या दिवशी बाबांनी भाबडेपणाने विचारलं होतं, ‘‘साहेब का गं?’’ तू जवळा भिजत घालता घालता म्हणालीस, ‘‘घरात एक तरी साहेब असावा की नको?’’

बाबा हवाई दलात विमानांच्या वायरिंगचं काम करायचे. अधिकारी न होताच रिटायर झाले. त्यात त्यांचा काय गुन्हा होता, आई? ते हसले तेव्हा. मग ताट उचलून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभं राहून जेवले. तू काही बोललीस की ते असंच करायचे. मी लहानपणापासून बघत आलेय.

टाकी कधी आली ते आठवतंय ना? मी सासरहून कायमची परत आले, त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी. चार फुटी टाकी, लोखंडी स्टँड, फिल्टर, हीटर, सगळा लवाजमा. आणि ठेवलीस कुठे? माझ्या खोलीत. ‘‘तिथेच भिंत सरळ आहे,’’ म्हणालीस. सरोजिनी नगरच्या या घराला एवढ्या भिंती, त्यातली एकच काय ती सरळ! रात्रभर फिल्टरची घरघर, त्यामुळे मी दिवाणखान्यातल्या दिवाणावर झोपायला लागले. सात वर्षं तिथेच झोपतेय.

खोटं कशाला बोलू, स्टेशनवर मला घ्यायला तूच आली होतीस. माझी बॅग तू उचललीस. एक प्रश्न विचारला नाहीस. कॉलनीत कोणी चौकशी केली तर ‘‘माझ्याकडे पाठव त्यांना’’ म्हणालीस, आणि गेल्या असतील त्या तोंड पाडूनच परतल्या असतील. तेव्हा वाटलं होतं, आई माझ्या बाजूची आहे. तू माझ्या बाजूची नव्हतीस गं, तू फक्त कॉलनीच्या विरुद्ध होतीस. घरात आल्यावर दार लावून म्हणालीस, ‘‘घर मोडून आलीस. आता इथलं मोडू नकोस.’’

सुरुवातीला मासे दोन होते. अंगठ्याएवढी पिल्लं. दुकानातल्या भैयाने बजावलं होतं, ‘‘आंटीजी, ये एक टंकी में दो नहीं रहते. बीच में काँच लगवा लीजिए.’’ बाबांनी मोजून काच कापून आणली. तू ती पलंगाखाली ढकललीस. ‘‘ज्याच्यात दम असेल तो राहील,’’ असं म्हणालीस आणि तेव्हा तुझी नजर टाकीकडे नव्हती. दोन महिन्यांत साहेबांनी दुसऱ्याचे पर फाडले, डोळा फोडला. तो कोपऱ्यात हीटरच्या मागे लपून राहायचा. मी म्हटलं, आई, काढ गं त्याला. तू म्हणालीस, ‘‘लपणाऱ्याला कोण काय करणार?’’ तो मेला तेव्हा बाबांनी त्याला तुळशीच्या कुंडीत पुरला आणि दोन दिवस ते कुणाशीच बोलले नाहीत. तुझ्या लक्षात तरी आलं होतं का?

आणि तो रोजचा आरसा! चार वाजले की चहाआधी तू हातातला आरसा घेऊन टाकीसमोर बसायचीस. साहेबांना वाटायचं, दुसरा मासा आला. गालफडं फुगवून, पर ताणून काचेवर धडका मारायचे. लाल रंग आणखी लाल व्हायचा, टेंगूळ तट्ट. ‘‘राग आला की रूप येतं याला,’’ असं तू शेजारच्या शुक्ला आंटींना कौतुकाने दाखवायचीस. मग तोच प्रयोग माझ्यावर, फक्त आरशाच्या जागी धाकटी मनू. ‘‘मनू बघ, पुण्यात फ्लॅट घेतला. मनू बघ, सासूला कशी धरून आहे.’’ मला कधी रूप आलं नाही, आई. मला फक्त ॲसिडिटी झाली.

मावशी अलिबागहून जवळा पाठवायची. आम्ही दोघं पिशवी उघडली की वासानेच अर्धे जेवायचो. कांद्यावर परतलेला जवळा आणि भाकरी, लखनौमध्ये कुठे मिळणार? तू तो तीन पाण्यांतून काढून, मीठ घालवून, एकेक साहेबांना भरवायचीस. आम्हाला वास, साहेबांना घास. एकदा बाबांनी मूठभर मागितला तर म्हणालीस, ‘‘तुमचं कोलेस्टेरॉल.’’ त्यांना कोलेस्टेरॉल नव्हतंच. तुला होतं.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा अकरा दिवस मी दवाखान्यात तुझ्या उशाशी होते. बँकेतून रजा घेतली, मॅनेजरची बोलणी खाल्ली. शेवटच्या आदल्या दिवशी तू वाकड्या तोंडाने काहीतरी म्हणालीस. मी कान अगदी ओठांशी नेला. मला वाटलं, आता तरी! तू विचारत होतीस, ‘‘साहेबांचं पाणी बदललं?’’

बदललं होतं गं. तेव्हा बदलत होते.

आता दहाव्या दिवसाचं ऐक. तू तिथे होतीसच म्हणा, पण माझ्या बाजूने ऐक.

जानेवारीतलं धुकं, गोमतीचा घाट, हातपाय गारठलेले. बाबांनी कानपूरहून मराठी गुरुजी आणले होते, तुझं सगळं आपल्या पद्धतीने व्हावं म्हणून. पिंड मांडला. कावळा येईना. शुक्ला आंटी सोबत आल्या होत्या, त्यांना कळेना आपण कशासाठी खोळंबलोय. ‘‘अरे बेटा, लखनऊ में अब कौए बचे ही कहाँ हैं!’’ पण एक होता. समोरच्या झाडावर बसून मान वाकडी करून बघत होता. अगदी तुझ्यासारखा.

गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला मोठ्याने. मनू पुढे झाली. ‘‘आई, दीदीची काळजी करू नकोस, मी सांभाळीन तिला.’’ मला सांभाळणार! वर्षातून दोन फोन करणारी! कावळा हलला नाही, तेव्हा मला तो जरा आवडलासुद्धा. मनूने मग मला कोपर मारलं, ‘‘दीदी, बोल ना कुछ. तेरा ही अटका होगा.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुला ठाऊक होतं, सासरच्या त्या घरात माझं काय झालं. माझं मोडलेलं बोट तू स्वतः बांधलं होतंस. तरी मी हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘आई, मी घर मोडून आले. चुकलं माझं. माफ कर मला.’’ माझी चूक नव्हती! तरी म्हटलं. तू एकदाच खाली यावंस म्हणून म्हटलं. आवाज फुटत होता, नाक वाहत होतं, मनूसुद्धा रडायला लागली. कावळ्याने चोचीने पंख खाजवला.

मग बाबा हळूच म्हणाले, ‘‘अगं, तुझ्या साहेबांना मी सांभाळीन. काही कमी पडू देणार नाही.’’

आणि आलीस! वाक्य पुरं व्हायच्या आत आलीस! झाडावरून थेट पिंडावर, एक चोच, दुसरी चोच. गुरुजी म्हणाले, ‘‘झालं, आत्मा तृप्त झाला.’’ मनूने डोळे पुसले, बाबांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. मी तिथेच उभी राहिले. माझ्या माफीला तू जागची हलली नाहीस आणि माशाचं नाव निघताच धावलीस. एवढी काय घाई होती गं?

त्या दिवशी घरी आले, आंघोळ केली, आणि टाकीमागचा हीटरचा प्लग काढला.

हो. मी काढला. चुकून नाही, मोबाइल लावायचा होता म्हणून नाही. हात लावला, ओढला, वायर खाली सोडली. या दिवसांत लखनौमध्ये हीटरशिवाय माणूस टिकत नाही, हे तर उष्ण पाण्यातलं जनावर. मला सगळं माहीत होतं. सात वर्षं तुझ्या तोंडून तेच तर ऐकत होते, अठ्ठावीसच्या खाली जाता कामा नये, अठ्ठावीसच्या खाली जाता कामा नये. मनू पुण्याला परत गेली, मी बँकेत जायला लागले. रोज संध्याकाळी येऊन बघायचे, गेले का साहेब?

तीन दिवसांत त्यांनी खाणं सोडलं. तळाशी कलंडून पडायचे, रंग फिका पडला, टेंगूळ सुरकुतलं. बाबा म्हणाले, ‘‘हिच्या आठवणीने झुरतोय बिचारा.’’ मी म्हटलं, ‘‘असेल.’’ मग बाबांनी काय केलं सांगू? तुझी काळी पश्मिना, जिला तू मला कधी हात लावू दिला नाहीस, ती त्यांनी टाकीभोवती गुंडाळली. आणि गॅसवर पातेल्यात पाणी कोमट करून तांब्यातांब्याने टाकीत घालायला लागले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एक तांब्या जुना काढायचा, एक नवा घालायचा. तिथेच पाटावर बसून राहायचे. त्र्याहत्तराव्या वर्षी, त्या थंडीत, ओल्या फरशीवर.

मला त्यांची दया यायला हवी होती ना? मला राग आला. त्या तांब्यांमुळेच तो मासा मरत नव्हता.

आठव्या दिवशी मी बँकेतून आले तर दिवाणखान्यात पाणीच पाणी. पातेलं कलंडलं होतं. बाबा फडक्याने फरशी पुसत होते, गुडघ्यांवर बसून. मी दारातच घसरले, पडता पडता वाचले आणि तोंड सुटलं. ‘‘एक काम धड जमत नाही तुम्हाला! म्हणून जन्मभर दुसऱ्यांना सलाम ठोकत बसलात!’’

आई, शप्पथ सांगते, हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. ते तोंडातून आलं तेच तुझ्या सुरात. शेवटचा शब्द ओढून, मान झटकून. बाबा उठले. त्यांनी फडकं पिळलं. मग झाकून ठेवलेलं आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी जाऊन उभे राहिले.

मी मागोमाग गेले. माफी मागायला गेले होते, पण आपल्या घरात माफी मागायची कुणाला सवय आहे? मी आणखी वरच्या पट्टीत विचारलं, ‘‘आणि एवढं पाणी तापवताय ते कशाला? हीटरचा प्लग निघालाय, दिसला नाही? आयुष्य वायरिंगमध्ये गेलं ना तुमचं?’’

बाबा घास चावत म्हणाले, ‘‘दिसला. पहिल्याच दिवशी दिसला.’’

‘‘मग लावला का नाही?’’

ते माझ्याकडे बघत नव्हते. ताटातल्या सब्जीकडे बघत होते. ‘‘तू काढला होतास ना. मला वाटलं, लावला तर तू चिडशील.’’

आई गं.

प्लग त्यांच्या पाटापासून हातभर अंतरावर लोंबत होता. विमानांच्या वायरी जोडल्या त्यांनी त्या हातांनी. इतके दिवस तो माणूस तांब्यातांब्याने पाणी तापवत राहिला, पण प्लग लावला नाही, कारण घरातली बाई चिडेल. तू गेलीस तरी घरातली बाई होतीच. ती मी होते. मी तुझ्यावर सूड उगवत होते आणि त्याची शिक्षा भोगत कोण होतं बघ.

घाटानंतर तुझी आठवण काढून मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा. प्रेमाने नाही. भीतीने. बेचाळीस वर्षं तू त्यांना बोटाएवढं करून ठेवलंस, आणि मी ते काम आठ दिवसांत उचललं. कशाची एवढी चीड होती तुला? बदल्यांची? अकरा घरं मांडली-मोडलीस त्याची? शिकवायची नोकरी सोडावी लागली त्याची? मला कधी सांगितलंच नाहीस. मीही कधी विचारलं नाही, हा माझा दोष, तो मी मान्य करते. पण विचारलं असतं तरी तू ‘‘डोकं खाऊ नकोस’’ एवढंच म्हणाली असतीस.

प्लग मी लावला. बाबांसमोर, त्यांना दाखवून. दोन-तीन दिवसांत साहेब सरळ पोहायला लागले. मी रोज बाबांना म्हणायचे, ‘‘बाबा, मी चुकले तर मला बोला. मला ओरडा.’’ ते ‘‘बरं’’ म्हणायचे. मी ‘‘चहा कसा झालाय?’’ विचारलं तर ‘‘छान’’. त्यात साखर घातलीच नव्हती, मुद्दाम. ‘‘छान’’ म्हणून पिऊन टाकला! काय करायचं या माणसाचं?

आणि आज सकाळी, रविवारची. बाबा साहेबांना दाणे घालत होते. साहेबांना बरं वाटलं होतं, म्हणजे खोड परत आली होती. त्यांनी बाबांचं बोट धरलं. रक्त टपटप. मी धावत आले आणि सवयीने सुरू झाले, ‘‘किती वेळा सांगितलं, हात पाण्यात...’’

‘‘गप्प बस!’’

मी इकडेतिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून.

‘‘गप्प बस म्हणतो ना! हा मासा मला या घरात नको! सात वर्षं नको होता! त्या दुसऱ्याला याने मारला तेव्हापासून नको होता! आज्जच्या आज्ज न्यायचा!’’ बोटातून रक्त, चेहरा लाल. भिंतीपलीकडून शुक्ला आंटी ओरडल्या, ‘‘भाईसाहब, सब ठीक तो है?’’ बाबा त्याच आवाजात ओरडले, ‘‘हाँ, सब ठीक है! मैं चिल्ला रहा हूँ!’’

मी हळद आणायला आत गेले आणि डब्याला धरून हसले. मग रडले. मग हळद आणली.

तर असं. तुला घाटावर दिलेला शब्द बाबांनी मोडला, आणि स्वतः मोडला. मी फक्त बादली धरली. एक सांगू, तुला लागेल, पण सांगते. दुकानात साहेबांना मोठ्या टाकीत सोडलं. भैयाने चार दाणे टाकले, साहेबांनी लगेच खाल्ले. मग त्याच्या बोटातून खाल्ले. शेपटी हलवत! तो म्हणाला, ‘‘आंटीजी को बहुत मिस करेगा.’’ मला तसं काही दिसलं नाही.

माफीचं म्हणशील तर तू मला माफ केलं नाहीस, मीही तुला करत नाही. फिट्टंफाट. पुढे कधी मन झालं तर बघू. पण एक वचन देते, आणि हे मी पाळणार, तुझ्यासाठी नाही तरी पाळणार. या घरात बाबा पुन्हा कधी उभ्याने जेवणार नाहीत. ते ओरडले तर मी ऐकून घेईन. उत्तर जिभेवर आलं तरी गिळेन, आणि ते तुझं आहे हे मला ओळखू येतं आता.

आत्ता हे लिहितेय तर ते बाहेर शुक्लाजींशी भांडताहेत, स्कूटर आपल्या फाटकासमोर लावली म्हणून. खर्जातला, भरदार आवाज आहे गं त्यांचा. बेचाळीस वर्षं एका घरात राहून तू तो ऐकलाच नाहीस.

तुझी थोरली,
वैशाली